ड्रोनच्या परीक्षेला पैसे भरावे का?

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावाची चर्चा झाली. दुपारी ज्वारीच्या खरेदीवर बोलावे असे ठरले होते. पण त्याआधी अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे. कारण गेले दोन महिने ज्या ज्या गावी आम्ही बैठकीला गेलो, तिथे बैठक उठल्यावर कोणी तरी हळूच बाजूला घेतो आणि एकच प्रश्न विचारतो: "पोरगा ड्रोनच्या परीक्षेच्या क्लासला जातो म्हणतो. भरू का पैसे?"

पहिल्या दोन-तीन गावांत आम्ही हसून वेळ मारून नेली. चौथ्या गावात एका माऊलीने आम्हाला हसू दिले नाही. ती म्हणाली, "भाऊ, २०१७ साली आमच्या ह्यांना फवारताना विष लागलं. आठ दिवस दवाखान्यात होते. वाचले, पण डोळ्याची नजर गेली ती गेलीच. आता पोराच्या पाठीवर पंप नको म्हणून मी दोन बकऱ्या विकल्या. क्लासवाला अठरा हजार मागतो. सांगा, भरू का नको?"

त्या माऊलीला त्या दिवशी आम्ही धड उत्तर देऊ शकलो नाही. आजचे बोलणे हे तिला दिलेले उत्तर आहे. ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे म्हणून इथे देतो.

प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, किडीचा जोर, आणि पाठीवर पंप घेऊन आत शिरलेला माणूस. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. विष पिकावर पडण्याआधी माणसाच्या तोंडावर, छातीवर, पाठीवर पडत होते. माणूस फवाऱ्याच्या बाहेर उभा राहील, असे कोणतेही यंत्र आले तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. शेतकी कॉलेजात चार वर्षे घालवून आम्ही जे शिकलो, त्यात फवारणाऱ्या माणसाच्या अंगाचा धडा फारच लहान होता. तो धडा आम्हाला २०१७ सालाने शिकवला.

म्हणून ड्रोनच्या विरोधात बोलायला आम्ही उभे राहिलेलो नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे: तो अठरा हजारांचा क्लास घेतल्याने पोराच्या पाठीवरचा पंप उतरतो का?

कायदा काय म्हणतो?

ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. त्यांत यंत्राची वर्गवारी वजनावर केली आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, दोन ते पंचवीस किलो स्मॉल, पंचवीस ते दीडशे किलो मीडियम, आणि त्यावर लार्ज. हे वजन रिकाम्या यंत्राचे नाही. टाकी भरून, बॅटरी लावून जे वजन होते ते. आपल्याकडे फवारणीला येणारे दहा लिटर टाकीचे यंत्र बहुधा 'स्मॉल' या वर्गात बसते. ते चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट असावेच लागते. नुसता हौशीने लहान ड्रोन उडवणारा आणि धंद्यासाठी फवारणारा यांना एक माप नाही.

हे सर्टिफिकेट कोणाला मिळते? वय अठरा ते पासष्ट, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेत त्या वर्गाचे प्रशिक्षण पूर्ण करून तिथलीच चाचणी पास झालेला. सुरुवातीला पासपोर्ट लागत असे. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ती अट सैल झाली. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन यांवर काम भागते. मिळालेले सर्टिफिकेट दहा वर्षे चालते.

आता नीट ऐका. सगळी गोम इथे आहे.

तलाठ्याची परीक्षा असते, तेव्हा शिकवणारा क्लास वेगळा आणि परीक्षा घेणारे सरकार वेगळे. तिथे क्लास लावण्यात काही अर्थ असू शकतो. ड्रोनचे तसे नाही. इथे जी मान्यताप्राप्त संस्था शिकवते, तीच चाचणी घेते, आणि सर्टिफिकेटही तिच्यामार्फतच सरकारी पोर्टलवरून निघते. त्या संस्थेत नाव घातल्याशिवाय चाचणीला बसताच येत नाही. मग तालुक्याच्या स्टँडसमोर 'ड्रोन पायलट परीक्षा तयारी' असा फलक लावून जो बसला आहे, तो कोणत्या परीक्षेची तयारी करून घेतो? त्याने दोन महिने शिकवले तरी शेवटी मान्यताप्राप्त संस्थेची फी वेगळी भरावीच लागते. औत नाही, बैल नाही, आणि नांगरणी शिकवायची फी मात्र आगाऊ!

आमच्याच घरातली गोष्ट

हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगतो? आमचे तोंड पोळलेले आहे म्हणून सांगतो. आमच्या पुतण्याने असाच एक क्लास लावला. पैसे आम्हीच दिले. कृषी पदवीधर काका, सभांमधून दुसऱ्यांना हिशेब शिकवणारा. पण पुतण्याने माहितीपत्रक पुढे केले, त्यावर 'नोकरीची हमी' वाचले, आणि आम्ही एकही प्रश्न न विचारता पैसे मोजले. सहा आठवडे त्याने पाठांतर केले. शेवटी जाड कागदावर सोनेरी अक्षरांत एक प्रमाणपत्र मिळाले. त्यावर विमानाचे चित्रही होते. ते घेऊन पोरगा एका ड्रोनमालकाकडे कामाला गेला. मालकाने कागद उलटून पालटून पाहिला आणि विचारले, "डीजीसीएचा नंबर कुठे आहे?" नंबर नव्हता. सहा आठवड्यांत त्याच्या हातात प्रत्यक्ष यंत्राचा रिमोट एकदाच आला होता, तोही फोटो काढण्यापुरता.

दोष त्याचा नाही, आमचा आहे. बियाण्याचे पाकीट घेताना आपण लॉट नंबर पाहतो, पावती मागतो. पोराच्या शिक्षणाला पैसे भरताना मात्र आपण हात जोडून उभे राहतो. क्लासवाल्याला आपली ही सवय चांगली ठाऊक असते.

अठरा हजार म्हणजे किती?

२०२५ च्या हंगामात बीजी-२ कपाशीच्या पाकिटाचा दर ९०१ रुपये होता. त्या हिशेबाने अठरा हजारांत जवळजवळ वीस पाकिटे येतात. एकरी दोन पाकिटे धरली तर दहा एकरांचे बियाणे. म्हणजे पाच एकरवाल्या दोन घरांची पेरणी झाली.

हे झाले तयारीच्या क्लासचे. आता खऱ्या, मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा हिशेब करू. फी संस्थेगणिक वेगळी असते, म्हणून आम्ही एक आकडा धरतो. तुम्ही आपल्याला सांगितलेला आकडा घालून हाच हिशेब घरी करा. फी पन्नास हजार धरा. जाणे-येणे, राहणे-खाणे आठ हजार. बुडालेली मजुरी दोन हजार. झाले साठ हजार. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. तो पूर्ण पदरात पडला तरी साठ हजार म्हणजे पावणेआठ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर दोन एकरांचे सगळे पीक, तेही खर्च न वजा करता.

हे साठ हजार फिटणार कशातून? फवारणीचा दर एकरी चारशे रुपये धरा. यंत्र, बॅटरी, गाडी, दुरुस्ती मालकाची. चालवणाऱ्याला त्यातले शंभर मिळतात असे धरा. म्हणजे सहाशे एकर फवारले की साठ हजार परत आले. दिवसाला पंधरा एकर धरले, तर चाळीस दिवस. ऐकायला सोपे वाटते. पण कोरडवाहूत फवारणीचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. त्यात पावसाचे दिवस जातात, वारा सुटल्यावर थांबावे लागते, पोळा आणि गणपती येतात. शिवाय रब्बी ज्वारीला आपण फवारतो तरी किती? ओलीवर येणारी मालदांडी बहुतेक घरी फवाऱ्याशिवायच निघते. तेव्हा काम आहे ते कपाशीचे, आणि थोडे तुरीचे, सोयाबीनचे.

समजा तुमच्या गावात तीनशे एकर कपाशी आहे. अर्ध्या लोकांनी ड्रोन लावला, म्हणजे दीडशे एकर. तीन फवारण्या धरल्या तर साडेचारशे एकरांचे काम. पहिल्या हंगामात चालवणाऱ्याच्या हाती पंचेचाळीस हजार आले. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर साठ हजार फिटले. हा हिशेब बरा आहे. वाईट नाही.

पण तेच साठ हजार सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने आणले, तर वर्षाचे व्याजच चौदा हजार चारशे. म्हणजे आणखी एकशे चव्वेचाळीस एकर नुसत्या व्याजासाठी. आणि शेजारच्या गावात आधीच एक ड्रोन चालवणारा बसला असेल, तर तुमच्या साडेचारशेचे सव्वादोनशे होतात. मग दुसऱ्या हंगामात नाही, चौथ्या हंगामातही फिटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे: आधी एकर मोजा, मग फी मोजा. ज्याच्यापाशी यंत्र नाही, यंत्रमालकाचा शब्द नाही, आणि फवारून घेणाऱ्यांची यादी नाही, त्याने सर्टिफिकेट काढले तर ते पेटीत राहील आणि व्याज बाहेर चालत राहील.

सर्टिफिकेट म्हणजे फवारणी नव्हे

आणखी एक गोष्ट कृषीचा माणूस म्हणून सांगितली पाहिजे. स्मॉल वर्गाचे मूळ प्रशिक्षण पाच दिवसांचे. त्यात नियम, हवामान, बॅटरीची काळजी, सिम्युलेटरवरचा सराव आणि प्रत्यक्ष उडवणे येते. यंत्र उडवता येणे आणि पीक फवारता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ट्रॅक्टरचे लायसन मिळाले म्हणून पेरणी साधत नाही.

पाठीवरच्या पंपाने कपाशीला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन आठ-दहा लिटरमध्ये एकर उरकतो. औषधाची एकरी मात्रा तीच, पाणी मात्र वीस पटीने कमी. म्हणजे टाकीतले द्रावण तितकेच जहाल. थेंब बारीक, उंचीवरून पडणारे. वाऱ्याची एक झुळूक आली की ते शेजाऱ्याच्या बांधावर. तिथे तुती असेल तर रेशमाच्या अळ्या मेल्या, आणि भांडण पिढीभराचे झाले. जो ते द्रावण कालवतो, त्याच्या हाताला तर ते नेहमीपेक्षा जास्त जहाल लागते. पंप पाठीवरून उतरला म्हणून हातमोजे उतरवता येत नाहीत. त्या माऊलीला हे मुद्दाम सांगतो.

आणि गुलाबी बोंडअळी? ती एकदा बोंडात शिरली की वरून ड्रोन फिरवा नाही तर हेलिकॉप्टर, तिला काही लागत नाही. तिथे कामगंध सापळे, डोमकळ्या वेचणे आणि वेळेवर पऱ्हाटी उपटणे हाच उपाय. तुडतुडे, मावा, फुलकिडे यांच्यासाठी ड्रोन कामाचा. पण दाटलेल्या कपाशीत पानाच्या खालच्या बाजूला थेंब पोचतात की नाही, हे चालवणाऱ्याला पाहता आले पाहिजे. एवढे ज्या संस्थेत शिकवतात, तिथेच पैसे भरण्यात राम आहे.

मायबहिणींसाठी दोन शब्द

बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात पंधरा हजार गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाख अनुदान, असे तिचे स्वरूप ठरले. त्यात पंधरा दिवसांचे प्रशिक्षण यंत्राबरोबरच धरलेले आहे: पाच दिवस उडवण्याचे आणि दहा दिवस शेतीतल्या वापराचे. बघा, सरकारनेही फवारणीला उडवण्याच्या दुप्पट दिवस दिले! तेव्हा 'दीदी योजनेत नाव लावून देतो, आधी परीक्षेच्या तयारीची फी भरा' असे कोणी म्हणाला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

हे घरी लिहून न्या.

एक. संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्य यादीत आहे का? ती यादी सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. 'आमचे टाय-अप आहे' म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या संस्थेशी? मग त्या संस्थेला सरळ फोन करा.

दोन. सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचे? मायक्रोचे घेऊन दहा लिटरचा फवारा चालवता येणार नाही.

तीन. पोराच्या हातात प्रत्यक्ष यंत्र किती वेळ राहणार? एका यंत्रामागे किती पोरे?

चार. शिकवणार कोणत्या भाषेत? मराठीत सांगणारा कोणी आहे का?

पाच. चाचणीत नापास झाला तर पुन्हा बसायचे वेगळे पैसे किती?

सहा. फवारणीचे शिक्षण यातच आहे की वेगळे?

सात. सगळे मिळून किती, कर धरून, आणि पक्की पावती मिळणार का?

आठ. नोकरीची हमी असेल तर ती लिहून देता का? इथे बहुतेकांची बोलती बंद होते.

काही कृषी विद्यापीठांनाही अशा प्रशिक्षणाची मान्यता मिळालेली आहे. आपल्या विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारा. खाजगीकडे नंतर जा.

मग तयारी करायचीच नाही का?

करायची. जरूर करायची. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेला पोरगा त्या पाच दिवसांत गांगरतो, हे खरे आहे. हिरवा, पिवळा, लाल हे आकाशाचे तीन भाग कोणते, हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंतच का जायचे, विमानतळाजवळ काय चालत नाही, बॅटरी फुगली तर काय करायचे, वारा कसा मोजायचा. हे आधी कानावरून गेलेले असले तर तिथे जड जात नाही. पण यासाठी पैसे कशाला? नियम सरकारने फुकट वाचायला ठेवले आहेत. प्रत्येक तालुक्यात आमच्यासारखा एखादा शेतकी शिकलेला माणूस आहे, बारावीला शिकवणारे मास्तर आहेत. चार संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसू, आम्ही मराठीत समजावून देऊ. कंदील आमचा, चहा तुमचा.

दोन अर्जांचा निर्णय

आज आपल्यापुढे दोन गावांच्या गटांचे अर्ज आहेत. गटाच्या फंडातून दोन पोरांच्या क्लासला प्रत्येकी अठरा हजार द्यावेत, अशी मागणी आहे. हा फंड बियाण्याच्या उचलीसाठी आहे. आमची सूचना अशी: तयारीच्या क्लासला एक रुपयाही देऊ नये. त्याऐवजी दोन्ही गावांनी महिनाभरात तीन कागद आणावेत. पहिला, यंत्र कोणाचे आणि तो या पोराला काम देणार का, याची मालकाची सही. दुसरा, किती एकर, कोणाचे, किती फवारण्या, याची सह्यांनिशी यादी. तिसरा, मान्यताप्राप्त संस्थेच्या फीचे लेखी पत्रक. तिन्ही कागद आले आणि दोन हंगामांत पैसे फिटतात असे दिसले, तर गटाने अर्धी फी बिनव्याजी उचल म्हणून द्यावी. पोराने ती सभासदांची शेते फवारून फेडावी. कागद आले नाहीत तर बियाण्याचा पैसा बियाण्यालाच राहू द्यावा. त्यात पोराचा अपमान नाही. त्याच्यावर कर्ज चढले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या माऊलीला काय सांगायचे? माय, बकऱ्यांचे पैसे क्लासला भरू नकोस. तुझ्या पोराला सर्टिफिकेट काढायचेच असेल तर आम्ही तुझ्या गावात एकर मोजायला येतो. दीडशे एकर भरले तर त्याला पाठवायची व्यवस्था आपण सगळे मिळून करू. भरले नाहीत, तर त्याने पायलट व्हायची गरज नाही. शेजारचा ड्रोन भाड्याने बोलावायला कोणाला परीक्षा द्यावी लागत नाही. चारशे रुपये एकराला मोजले की त्याच्या पाठीवरचा पंप उतरतो. पंप उतरवायचा होता ना? मग आधी तो उतरवू.

हात वर करून सांगा, ही सूचना मान्य आहे का? ज्यांना मान्य नाही त्यांनी इथे पुढे येऊन बोलावे. त्यानंतर ज्वारीच्या खरेदीचा विषय घेऊ.